ख्रिस्ती कुटुंबजीवनातील सहजीवन आणि उपजीविका : टिळक दांपत्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतर ही केवळ वैयक्तिक श्रद्धेची घटना नव्हती. ज्या दिवशी एखादा पुरुष बाप्तिस्मा घेई, त्याच दिवशी त्याचे घर, पंगत, वारसा आणि बहुधा त्याचे वैवाहिक जीवनही मोडकळीस येई. मिशनच्या नोकरीमुळे अशा व्यक्तीच्या उपजीविकेची सोय होऊ शके. परंतु मोडलेले कुटुंब पुन्हा उभे करण्याची सोय कोणत्याही संस्थेजवळ नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या काव्याचा विचार मराठी समीक्षेने विपुल केला आहे. त्या मानाने त्यांच्या कुटुंबाचा, एक सामाजिक संस्था म्हणून, विचार कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात नारायणराव व लक्ष्मीबाई या दांपत्याने ख्रिस्ती कुटुंबजीवन कसे उभारले, त्यात नोकरी व प्रतिष्ठेपेक्षा एकत्र राहण्याला कोणते स्थान होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

साधनांचे स्वरूप :

या विषयाचे प्रमुख साधन म्हणजे लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र होय. त्याचे प्रकाशन १९३४ पासून भागशः झाले. म्हणजे धर्मांतरानंतर सुमारे चार दशकांनी आणि पतीच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने हे लेखन वाचकांसमोर आले. मधल्या काळाने दुःखाची धार बोथट केली असणे शक्य आहे, आणि लेखिकेचा स्वाभाविक विनोद अनेक कठीण प्रसंगांना सौम्य करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. असे असले तरी तत्कालीन मिशन अहवालांत धर्मांतरिताची पत्नी बहुधा एका ओळीची धनी असते. येथे तीच निवेदक आहे. म्हणूनच हे साधन इतिहासाच्या अभ्यासकास मोलाचे ठरते.

धर्मांतर आणि कुटुंबाची फाटाफूट :

टिळकांचा व लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० मध्ये झाला. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूचे वय त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते. विवाहानंतरची वर्षे अस्थिरतेची होती. टिळक एका गावी फार काळ टिकत नसत. शिक्षकी, कीर्तन, संपादन, संस्कृत ग्रंथांचे काम असे व्यवसाय त्यांनी केले आणि सोडले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना नवा करार मिळाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना या वार्तेने जबर धक्का बसला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूर व अन्यत्र नातलगांच्या आश्रयाने राहिल्या.

येथे तत्कालीन कायद्याची नोंद घेणे आवश्यक आहे. १८६६ च्या २१ व्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीय व्यक्तीला विवाहविच्छेदाचा मार्ग खुला केला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सहवास नाकारल्यास न्यायालयाकडे दाद मागता येई. न्यायालय जोडीदाराचे म्हणणे ऐकून एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द होऊन पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. म्हणजे अवघ्या दोन-अडीच वर्षांत नवा संसार मांडणे टिळकांना कायद्याने शक्य होते. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम त्यांना मिळाले होते. उपजीविकेची चिंता तुलनेने मिटली होती. तथापि त्यांनी ती वाट धरली नाही. पत्रे लिहिणे, भेटीस जाणे, आर्जव करणे आणि वाट पाहणे हाच मार्ग त्यांनी पत्करला.

पुनर्मीलनाची प्रक्रिया :

लक्ष्मीबाईंचे परतणे ही एका दिवसाची घटना नव्हती. प्रथम त्या आपले सोवळे सांभाळून पतीच्या सान्निध्यात राहू लागल्या. घर जवळ आले, पण चूल जवळ आली नव्हती. टिळकांनी या काळात पत्नीच्या आचारावर सक्ती केली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतंत्रपणे विचारमंथन झाले. जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे या निर्णयाप्रत त्या आल्या आणि प्रथम अन्नपाण्याचा निर्बंध गळून पडला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी सहवास, मग सहभोजन आणि शेवटी धर्म असा हा क्रम आहे. मिशनच्या लेखनात सामान्यतः धर्म हा कुटुंबाचा पाया मानला जाई. या घरात मात्र कुटुंबाच्या दीर्घ सहनशीलतेवर धर्माची उभारणी झाली.

उघडे घर :

मिशनरींच्या आदर्शातील ख्रिस्ती घर नीटनेटके, शिस्तबद्ध आणि पतिपत्नी व मुले एवढ्यापुरते मर्यादित होते. टिळकांचे घर या चौकटीत बसणारे नव्हते. निराधार मुले तेथे वाढली. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी यांना अहमदनगरच्या या घरात आश्रय व माया मिळाली. ते ख्रिस्ती नव्हते, याने काही फरक पडला नाही. ब्राह्मणी एकत्र कुटुंबातील आतिथ्य जातीच्या कुंपणाबाहेर नेणारे असे हे घर होते. परंतु आतिथ्याचा भार पैशावर आणि गृहिणीच्या श्रमांवर पडतो. हाती आलेले द्रव्य देऊन टाकण्याची टिळकांची वृत्ती आणि महिनाअखेरीस चूल पेटती ठेवण्याची लक्ष्मीबाईंची जबाबदारी यांतील ताण 'स्मृतिचित्रे'मध्ये वारंवार प्रकट होतो.

वेतनाचा त्याग आणि त्यातील पेच :

१९०४ मध्ये टिळकांना पाळकीय दीक्षा मिळाली. ईश्वरविज्ञानाचे अध्यापन, उपासनागीते, आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन अशी त्यांची प्रतिष्ठा वाढत गेली. परंतु मिशनचे वेतन हिंदी ख्रिस्ती माणसाला परावलंबी बनवते, असे त्यांचे मत बनत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाशी संबंध तोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ आरंभिला.

वरवर पाहता उपजीविकेवर मात करणारा हा निर्णय कुटुंबकेंद्रित जीवनाचा कळस वाटेल. परंतु असे म्हणणे घाईचे ठरेल. टिळकांनी वेतन सोडले ते ध्येयासाठी, घरासाठी नव्हे. आणि ध्येय हेही नोकरीइतकेच घरावर हक्क सांगू शकते. किंबहुना अधिक, कारण नोकरीला निदान ठराविक वेळ असते. १८९५ च्या निर्णयाप्रमाणे १९१७ चा निर्णयही प्रथम पतीच्या अंतःकरणात झाला आणि त्याचे परिणाम पत्नीने निभावले. फरक एवढाच की या वेळी कुटुंब फुटले नाही. मधल्या वर्षांत दोघांनी समान असे पुष्कळ काही कमावले होते. अल्पशिक्षित लक्ष्मीबाई लिहू लागल्या होत्या, कविता करू लागल्या होत्या, प्लेगच्या साथीत रुग्णसेवेत उतरल्या होत्या. घरातील काम आणि घराबाहेरील कार्य यांची विभागणी पुसट झाली होती.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलींची व्यवस्था पाहिली, कीर्तने केली, लेखन केले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य बहुतांशी त्यांनी पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर पुत्र देवदत्त यांनी ते पूर्ण करून १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. पिता, माता व पुत्र या तिघांच्या हातून एकच ग्रंथ सिद्ध व्हावा, हा या कुटुंबाच्या एकत्वाचा सर्वांत ठोस पुरावा होय.

निष्कर्ष :

१. टिळक कुटुंबाचे एकत्व धर्मांतराने आपोआप लाभलेले नव्हते. कायद्याने दिलेली सुटकेची वाट नाकारून आणि पाच वर्षे प्रतीक्षा करून ते मिळवलेले होते.

२. या कुटुंबात सहवास आधी आणि श्रद्धेचे ऐक्य नंतर आले. पत्नीच्या विवेकस्वातंत्र्याला मिळालेला अवसर हे त्याचे मुख्य कारण दिसते.

३. वेतनत्याग आणि कुटुंबनिष्ठा या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे श्रेय टिळकांना जाते. दुसरीचा मोठा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला.

४. कुटुंब स्थिर झाले ते केवळ एकाने उपजीविका सोडल्यामुळे नव्हे. दोघांचे कार्य सामायिक झाल्यामुळे ते टिकले. 'नोकरी की घर' हा प्रश्न आजही ज्या स्वरूपात मांडला जातो, त्यात 'कोणाची नोकरी आणि कोणाच्या श्रमावर उभे असलेले घर' हा उपप्रश्न जोडल्याशिवाय त्याचे उत्तर पूर्ण होत नाही, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.