हात पोहोचेना तेव्हा: होडीच्या मोटरमधील विजेच्या चोकची गोष्ट

🧵 १/
साठ वर्षांपूर्वीची एखादी होडीची मोटर. बॅटरी भरलेली, पेट्रोल ताजे, दोन्ही प्लग ठिणगी देत आहेत. तरीही थंडीच्या सकाळी ती सुरू होत नाही. दोष बहुधा बोटभर लांबीच्या एका भागात सापडतो. तो भाग म्हणजे विजेचा चोक. तो मुळात तिथे का आला, याचे उत्तर अर्ध्या शतकाच्या इतिहासात आहे.

२/
प्रथम चोक म्हणजे काय ते पाहू. हिवाळ्यात स्कूटरचा चोक ओढलेल्या पिढीला हे सांगावे लागत नसे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गरम इंजिनात वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात बरेचसे पेट्रोल वाफ न होता धातूला चिकटून राहते आणि ठिणगीपाशी नुसती हवाच पोहोचते.

३/
यावर उपाय साधा आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पत्र्याची एक गोल झडप असते. ती मिटली की हवेची वाट अडते, इंजिनाची ओढ वाढते आणि हवेऐवजी पेट्रोल अधिक खेचले जाते. इंजिन पेटताच झडप उघडावी लागते. उशीर झाला तर प्लग ओले होतात आणि इंजिन ‘ओव्हर’ होते. म्हणजे चोक ही केवळ झडप नव्हे. ती केव्हा मिटावी आणि केव्हा उघडावी, याची जाणही तिच्यासोबत लागते.

४/
आता अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जाऊ. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिनरूड पाच वर्षांचा असताना कुटुंबासह तेथे आला आणि पुढे यंत्रकारागीर झाला. १९०६ च्या उन्हाळ्यात ओकाउची तलावावरील सहलीत बेस कॅरीला आइस्क्रीम हवे झाले. ओले ते आणण्यासाठी वल्ही मारत गेला, पण परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळले होते, अशी कथा सांगितली जाते.

५/
कथेत कल्पनेचा अंश किती हा प्रश्न वेगळा, तिच्यामागची गरज मात्र खरी होती. होडीच्या मागच्या फळीला अडकवता येईल असे इंजिन डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याआधीच, १९०५ च्या सुमारास, बनवले होते. पण सामान्य माणसाच्या होडीपर्यंत ही कल्पना पोहोचवली ती एव्हिनरूड दांपत्याने. १९०९ पासून विकल्या गेलेल्या त्यांच्या मोटरची शक्ती दीड अश्वशक्ती होती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. यंत्र ओलेचे असले, तरी जाहिरात आणि व्यवहार बेसने सांभाळले.

६/
ही मोटर सुरू करणे हे अंगमेहनतीचे काम होते. वरच्या जड चाकावर एक मूठ असे. ती धरून चाक झटक्याने फिरवायचे आणि इंजिन पेटताच हात मागे घ्यायचा, कारण ती मूठही चाकाबरोबर फिरू लागे. पुढे चाकाभोवती गुंडाळायची दोरी आली. पद्धत कोणतीही असो, चालवणारा इंजिनापाशीच बसलेला असे. एक हात चाकावर किंवा दोरीवर आणि दुसरा चोकवर, एवढे ते सोपे होते.

७/
हाताची ती जाण कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसे. आज गारठा किती, मोटर काल चालली होती की महिनाभर पडून होती, पहिल्या ओढीला इंजिन कसे खोकले, यावरून चोक किती मिटायचा हे ठरे. प्रत्येक मोटरचा स्वभाव निराळा आणि तो मालकालाच ठाऊक.

८/
ओलेने १९१३ च्या सुमारास, बेसच्या आजारपणामुळे, कंपनीतील आपला हिस्सा विकला. काही वर्षांनी अ‍ॅल्युमिनियमची हलकी, दोन सिलिंडरची मोटर घेऊन तो परतला. तिचे नाव ‘एल्टो’. १९२९ साली एल्टो, जुनी एव्हिनरूड आणि लॉकवूड या कंपन्या एकत्र आल्या. १९३० च्या सुमारास विजेवर सुरू होणाऱ्या मोटरीही बाजारात आणल्या गेल्या. पण काळ महामंदीचा होता आणि बॅटऱ्या जड होत्या. बहुतेक होड्यांत दोरीच टिकून राहिली.

९/
चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तलावांवर सहकुटुंब जाणे वाढले, होड्या मोठ्या झाल्या आणि मोटरीही. १९५८ साली एव्हिनरूडची चार सिलिंडरची ५० अश्वशक्तीची मोटर आली. एवढे इंजिन रोज दोरीने ओढणे प्रत्येकाला झेपणारे नव्हते. विजेचा स्टार्टर आता चैन राहिला नाही, ती गरज झाली.

१०/
याच काळात याहून मोठा बदल घडला. होडी मोटारगाडीसारखी झाली. पुढे काच, सुकाणूसाठी गोल चाक आणि गाडीसारखी किल्ली. चालवणारा पुढे सरकला, इंजिन मागेच राहिले. दोघांत काही हातांचे अंतर पडले आणि चोक हाताच्या टप्प्याबाहेर गेला.

११/
विजेचा चोक हे त्या अंतरावरचे उत्तर होते. तारेचे एक वेटोळे आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा, म्हणजेच सॉलेनॉइड. अनेक मोटरींत किल्ली आत दाबली की वेटोळ्यातून वीज वाहते, चुंबकत्व निर्माण होते, दांडा खेचला जातो आणि झडप मिटते. किल्ली सोडली की स्प्रिंग झडप पुन्हा उघडते. माणसाचा हात त्या तारेतून इंजिनापर्यंत लांबला.

१२/
मात्र हाताचे बळ पोहोचले, हाताची जाण पोहोचली नाही. सॉलेनॉइडला दोनच अवस्था कळतात, पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडी. अर्धा चोक त्याला ठाऊक नाही. शिवाय पाण्यावरच्या यंत्रात वीज आणि ओलावा यांचे कधी पटत नाही. गंज, क्षार आणि जुन्या ऑइलचा चिकट थर या भागाला हळूहळू निकामी करतात.

१३/
म्हणून आजही जुनी मोटर जागवणारा कारागीर आधी कान देतो. आवरण काढून, पेट्रोलची वाफ पूर्ण उडून गेल्यावर, इंजिन बंद ठेवून तो किल्ली दाबायला सांगतो. ‘खट्’ असा आवाज येतो, पण झडप हलत नाही? मग वीज ठीक आहे. दांडा चिकटला आहे किंवा जोडणी निखळली आहे. साफसफाई पुरते.

१४/
आवाजच नाही? मग विजेचा माग काढायचा. बॅटरी, फ्यूज, किल्लीचा संपर्क आणि शेवटी सॉलेनॉइडची तार. तिथे १२ व्होल्ट मिळत नसतील तर दोष वाटेत कुठेतरी आहे. साठ वर्षांत तारांवरचे आवरण भुगा होऊन गळते. व्होल्ट मिळत असूनही दांडा स्तब्ध असेल, तर आधी अर्थिंगचा गंज घासायचा. त्यानेही भागले नाही तर मीटर लावून वेटोळे तुटले आहे का ते पाहायचे.

१५/
याच्या उलट दोष अधिक फसवा असतो. मोटर सुरू होते, धूर सोडते आणि दम लागल्यासारखी बंद पडते. प्लग काळे आणि ओले. इथे किल्लीचा संपर्क किंवा दांडा अडकलेला असतो आणि झडप मिटलेलीच राहते. नवखा माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो, जाणता आधी झडपेकडे पाहतो.

१६/
आणि सगळे हरले तर? अशा अनेक मोटरींवर विजेच्या चोकसोबत हाताने फिरवायची एक छोटी कळही ठेवलेली असे. थंड पाण्यावर, किनाऱ्यापासून दूर, बंद पडलेली मोटर म्हणजे वाऱ्याच्या स्वाधीन झालेली होडी. तिथे एका फ्यूजवर जीव टांगून ठेवणे रचनाकारांना मान्य नव्हते. वीज गेली तरी हाताची वाट त्यांनी खुली राखली.

१७/
पुढे मोठ्या मोटरींतून चोकच अस्तंगत झाला. जुन्या दोन-स्ट्रोक मोटरी पेट्रोलचा मोठा वाटा न जाळताच बाहेर टाकत. १९९६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने होडीच्या इंजिनांसाठी उत्सर्जनाचे नियम ठरवले आणि इंधन किती सोडायचे हे नव्या इंजिनांत संगणक ठरवू लागला. एव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकानेही २०२० साली एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन थांबवले.

१८/
मुठीकडून दोरीकडे, दोरीकडून किल्लीकडे आणि किल्लीकडून संगणकाकडे. प्रत्येक पायरीवर माणसाचे श्रम कमी झाले, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या हातातील थोडी जाण यंत्राच्या पेटीत बंद झाली. विजेचा चोक बिघडतो तेव्हा ती पेटी उघडावी लागते. आत बोटभर वेटोळे सापडते आणि त्याच्या शेजारी, बोटाची वाट पाहत असलेली एक छोटी कळ.

(समाप्त)