तासाभराचे नाटक : रत्नागिरी आणि विद्यार्थी रंगभूमीचा विस्मृत इतिहास

१/११
५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. संस्थानिकांचा आश्रय आणि नाटक मंडळ्यांचे वैभव यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. या इतिहासाचा तिसरा धागा मात्र दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे विद्यार्थी.

२/११
आरंभीच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले. संवादांसह रचलेले हे स्वतंत्र ऐतिहासिक नाटक. रंगभूमीला संहितेची शिस्त लावणाऱ्यांत एक विद्यार्थी होता, तो असा.

३/११
आता रत्नागिरीकडे वळू. नाट्याचे या भूमीला वावडे कधीच नव्हते. नमन-खेळे गावोगावी रंगत. दक्षिणेला दशावतार होता; १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो प्रदेशही याच जिल्ह्यात होता. मामा वरेरकरांचा जन्म १८८३ मध्ये चिपळूणचा. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी ‘उःशाप’ हे अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील संगीत नाटक लिहिले.

४/११
उणीव होती ती महाविद्यालयाची. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून होते, सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून. रत्नागिरीच्या मुलाला मात्र पदवीसाठी घर सोडावे लागे. नाटकाची हौस असलेला तरुण नेमका उमेदीच्या वर्षांत गावाबाहेर जाई.

५/११
१९४५ मध्ये रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. याचा सांस्कृतिक अर्थ शैक्षणिक अर्थाइतकाच मोठा होता. अठरा ते एकवीस वयाची पिढी आता गावातच राहून शिकू शकत होती, आणि स्नेहसंमेलनाचा रंगमंच तिच्या हाकेच्या अंतरावर आला होता.

६/११
१९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी कलावंतांना हक्काचे व्यासपीठ लाभले. महाविद्यालयांना मात्र एकांकिका अधिक मानवली. मोजकी पात्रे, एकच नेपथ्य, तासाभराचा अवधी. तुटपुंज्या पैशांत आणि तास संपल्यावरच्या तालमींत बसणारा हा प्रकार होता.

७/११
१९६३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. अभिनयापासून तंत्रापर्यंत सारा भार विद्यार्थ्यांवर. भरत नाट्य मंदिरात घुमणारी ‘आव्वाज कुणाचा?’ ही आरोळी पुढे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख ठरली.

८/११
महाविद्यालयीन रंगमंचातून काय घडते? जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १६ डिसेंबर १९७२ रोजी त्याच भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक पटेल, नाना फडणवीसांच्या भूमिकेत आगाशे.

९/११
परंतु पुण्याच्या विद्यार्थ्याला प्रेक्षक, समीक्षक आणि दिग्गज हाताशी होते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो थेट १९९८ मध्ये. तोवर नेपथ्य घेऊन घाट ओलांडणे हीच एक परीक्षा होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘लोकसत्ता लोकांकिका’ स्पर्धेने रत्नागिरीला स्वतंत्र केंद्र दिले. प्राथमिक फेरी स्पर्धकांच्या दारी आली.

१०/११
स्पर्धेने व्यासपीठ दिले, तसा एक प्रश्नही उभा केला. २०२२ मध्ये परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात हे प्रथमच घडले आणि मोठा वाद झाला. विद्यार्थ्यांचे नाटक कशाने मोजावे? सफाईने, की चुकण्याच्या धाडसाने? दोन्ही बाजूंना वजन आहे. मात्र चुकायला जागाच उरली नाही, तर कीर्तन्यांसारखा विद्यार्थी नवे लिहिणार कोठून?

११/११
विद्यार्थी रंगभूमीचे आयुष्य मुळातच अल्प. दर तीन वर्षांनी कलावंतांची फळी बदलते. संहिता वहीत राहते, वही रद्दीत जाते. निकाल वृत्तपत्रात छापून येतो, प्रयोग मात्र कोठेच उरत नाही. म्हणून लहान गावांतील जुनी कार्यक्रमपत्रिका, महाविद्यालयाचे वार्षिक अंक, हस्तलिखित संहिता आणि तालमीचे एखादे छायाचित्र ही इतिहासाची अस्सल साधने आहेत. ती जपली गेली, तरच रत्नागिरीसारख्या गावांचे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात तळटीपेपुरते उरणार नाही.