सुप्याच्या बाजारात जळालेले कागद

 

मोठ्या माणसानं कामधंद्यासाठी काय शिकावं, असं बैठकीत विचारलं की शिवणकाम, कोंबडीपालन, पापड-मसाले अशी नावं येतात. ती चांगलीच आहेत. पण आपल्या भागाच्या इतिहासात एक कसब असं आहे, की ते हातात नव्हतं म्हणून कैक घरांच्या जमिनी गेल्या. आपण ज्या कागदावर अंगठा उठवतो तो वाचणं आणि त्यातलं व्याज आपलं आपण मोजणं, हे ते कसब. त्याची गोष्ट आपल्या सुप्यात घडली.

12 मे 1875. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आसपासच्या गावांची मोठी पेठ, दुकानदार-सावकारांची वस्ती दाट. त्या दिवशी बाजाराला भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. धान्य लुटलं गेलं, काही ठिकाणी आगीही लागल्या. पण लोकांनी मागितलं काय, तर कर्जाची खतं आणि वह्या. ज्यानं कागद निमूट काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागदांची मात्र होळी झाली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगा म्हटलं की मारामारी डोळ्यांपुढे येते. इथं सगळा राग कागदावर होता, हे विसरू नका.

एवढा राग का? त्यासाठी इंदापुरात जायला हवं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची नवी मोजणी करून तीस वर्षांचा सारा ठरवायची पद्धत पहिल्यांदा लागू केली ती 1836 साली, इंदापूर तालुक्यात. तीस वर्षं सरली आणि साऱ्याची नवी आकारणी आली, ती चढी. सारा भरायचा रोख, पाऊस पडो न पडो. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाल्यानं आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि सावकार मागेल त्याला पैसे देत होते. 1865 ला ते युद्ध संपलं, भाव पडला, सावकारांनी हात आखडता घेतला. कर्ज मात्र उरलं.

आता एका कायद्याची गंमत ऐका. गंमत म्हणजे आपल्याला. त्यांच्या गळ्याला तो फास झाला. 1859 साली सरकारनं नियम केला, की कर्जाचं खत तीन वर्षंच चालेल. हेतू असा, की जुनं व्याज साठत जाऊ नये. सावकारानं काय केलं? तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलावून नवं खत लिहून घ्यायचं, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून घालायचं.

हाताशी पाटी-पेन्सिल असेल तर घ्या. समजा शंभर रुपये काढले, शेकडा दोन रुपये महिना दरानं. तीन वर्षं म्हणजे 36 महिने, व्याज 72 रुपये. नवं खत झालं 172 रुपयांचं. पुढच्या तीन वर्षांनी ते होतं जवळजवळ 296. आणखी तीन वर्षांनी 509. व्याज व्याजाच्याच जागी राहिलं असतं, तर नऊ वर्षांनी 316 रुपये झाले असते. मधले 193 रुपये नुसत्या कागद बदलण्यातून आले. दंग्यांची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला, तेव्हा शेतकऱ्यांनी हेच सांगितलं: पैसे फेडले तरी पावती मिळत नाही, खतात भलतेच आकडे असतात, आणि आम्ही न वाचताच निशाणी करतो.

त्या निशाणीबद्दल थोडं सांगते. सही येत नसली की शेतकऱ्याच्या नावापुढं नांगराचं चित्र काढत, बाईच्या नावापुढं बांगडीचं. निशाणी नांगर, निशाणी बांगडी. दिसायला छान. पण वर काय लिहिलंय ते नांगरालाही कळत नव्हतं आणि बांगडीलाही. बापाचं कर्ज मुलाच्या माथी यायचं, आणि ते फिटावं म्हणून दागिना बाईच्याच अंगावरून उतरायचा.

1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा खास कायदा आला. खत गावच्या निबंधकापुढं लिहायचं. शेतकऱ्यानं मागितल्यावर पावती द्यायची, वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा, पासबुक द्यायचं. कायदा चांगला होता, असं माझं मत आहे. पण पावती घेऊन करायचं काय, ती वाचणार कोण, याला त्यात उत्तर नव्हतं. ते उत्तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आधीच दिलं होतं. 1855 मध्ये त्यांनी पुण्यात शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, दिवसभर राबून आलेल्या मोठ्या माणसांची शाळा. असली शाळा सुप्याच्या पेठेत असती तर, असा विचार मनात येतोच.

पुढं नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, सोसायट्या, कारखाने आले. कागद वाढतच गेले. 1972 च्या दुष्काळात आपल्या आज्या, सासवा खडी फोडायला, नाला बांधायला गेल्या, तेव्हा मजुरी मापावर होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. ज्या टोळीत हा गुणाकार येणारी एक तरी बाई होती, ती मुकादमाला विचारू शकत होती, की आमचे ब्रास किती लागले?

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. अर्जावर बहुतेकींचे अंगठे. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बाया घरी जाऊन रडत बसल्या नाहीत, अक्षरं शिकायला बसल्या. काही महिन्यांनी परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या लोकांनाही काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आता आपल्या दारातलं बघू. कुणी 30,000 रुपये देतं, बारा हप्ते, व्याज बारा टक्के. हप्ता 2,800 सांगितला, तर व्याज झालं 3,600, म्हणजे वर्षभर पूर्ण 30,000 वर धरलं. पण तुम्ही तर दर महिन्याला 2,500 मुद्दल परत देताय! उरलेल्या रकमेवर मोजलं तर पहिल्या महिन्याचं व्याज 300, दुसऱ्याचं 275, तिसऱ्याचं 250, असं उतरत शेवटच्या महिन्याला 25. बेरीज 1,950. दोन्हीकडे तोंडानं सांगितलेला दर बाराच, फरक 1,650 रुपयांचा. पहिल्या तऱ्हेत खरा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. गटात आपण शेकडा दोन घेतो तेही वर्षाचे चोवीस टक्केच, बरं का. ते गटातच राहतात म्हणून चालतात, पण तुमच्या सचिव उरलेल्या रकमेवर धरतात की पूर्ण रकमेवर, तेही एकदा बघा.

2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीनं कर्जदाराला कळेल अशा भाषेत कर्ज-कार्ड द्यायचं, त्यावर दर आणि प्रत्येक हप्त्याची नोंद हवी. विनापरवाना सावकारी असेल, किंवा परवाना असून पावती मिळत नसेल, तर तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं कार्ड आणा. ज्यांना आकडे येतात त्यांनी शेजारणीचं कार्ड मोठ्यानं वाचा, आणि उरलेल्या रकमेवरचं व्याज महिन्यागणिक पाटीवर मांडून दाखवा.