बोरघाटातील मालगाड्यांची इंजिने

ताथवड्याच्या आसपासच्या कारखान्यांतून निघालेला माल मुंबईस न्यायचा म्हणजे बोरघाट उतरणे आलेच. या घाटातून आगगाडी सुरू झाली ती १८६३ साली. सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, आणि जिथे ती सर्वांत अवघड तिथे ३७ फुटांस एक फूट.

हिशेब करून पाहावा. अशा चढावर हजार किलोचा भार सत्तावीस किलोच्या जोराने मागे ओढतो, घर्षण निराळेच. वाफ मुबलक असली तरी चाकांनी रूळ धरला नाही तर ती जागीच फिरतात, पावसाळ्यात तर फारच. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने शार्प स्टुअर्टकडून आणविलेल्या घाट-इंजिनांत पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवर बसविली होती. टेंडरचे ओझे वाचले आणि पाण्याचे वजन पकडीच्या कामी आले. मात्र पाणी आटत जाई तसतशी पकडही कमी होई. ही त्या रचनेतली खोच.

चढणाऱ्या इंजिनाचे कौतुक सारेच करतात. आम्हां कामगारांचे लक्ष उतरणीकडे जाते, कारण सुटलेल्या गाडीत पहिल्याने मरतो तो तिच्यावरचा माणूस. या इंजिनांना थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेकही होते. शिवाय घाटात कॅच सायडिंग केल्या. तिथे सांधा एरवी चढत्या बाजूमार्गाकडेच लावलेला असे; ड्रायव्हरने गाडी थांबवून ती ताब्यात असल्याचे दाखवावे, तेव्हाच पुढची वाट मिळे. आमच्या मते घाटातली सर्वांत शहाणी योजना हीच.

१९३० च्या सुमारास विजेची इंजिने आली. कॅच सायडिंग त्यानंतरही राहिल्या.