‘सुलताना’ हें नांव व नगरची चांदबिबी

शाळेच्या पटावर ‘सुलताना’ हें मुलीचें नांव प्रस्तुत लेखकानें अनेकदां लिहिलें. त्याचा अर्थ कोणी विचारल्यास ‘सुलतानाची पत्नी’ असें उत्तर बहुधा मिळतें. हा अर्थ अपुरा आहे, हें दाखविण्यास नगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) इतिहासाइतकें चांगलें प्रमाण दुसरें नाहीं.

मूळ अरबी धातु स-ल-त; अर्थ प्रभुत्व. कुराणांत ‘सुलतान’ हा शब्द अधिकार व प्रमाण या अर्थीं येतो. राजाची पदवी म्हणून तो 11 व्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. म्हणजे मूळ अर्थ अधिकार हा होय, अधिकारी हा मागाहूनचा. ‘सुलताना’ हें त्याचें स्त्रीलिंगी रूप. येथील अन्त्य ‘आ’काराचें आपल्या ‘टाप्’ प्रत्ययाशीं साम्य दिसतें. पण तें योगायोगाचें असल्यामुळें त्यावरून भाषांचें नातें जोडूं नये.

आतां चांदबिबीकडे वळूं. नांवांतील ‘चांद’ संस्कृत ‘चंद्र’ शब्दापासून आला, ‘बिबी’ फारशींतून. ती हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची पत्नी. पति 1580 सालीं मारला गेला. 1595 च्या डिसेंबरांत शाहजादा मुरादानें नगरास वेढा घातला, तेव्हां भावाचा नातू बहादूर या बालकाच्या वतीनें तिनें किल्ला लढविला. सुरुंगानें पडलेलें तटाचें खिंडार रातोरात बुजविण्यांत आलें. 1596 सालीं वऱ्हाड देऊन तह झाला. या वेढ्यापासून लोक तिला ‘चांद सुलताना’ म्हणूं लागले, अशी परंपरा आहे. वैधव्यास तेव्हां 15 वर्षें लोटलीं होतीं. अर्थात् हें नांव पतीच्या नात्यानें आलेलें नव्हे.

1600 सालीं स्वकीयांनींच तिचा वध केला आणि लौकरच किल्ला मोंगलांच्या हातीं गेला.

मराठींत याच धातूपासून आलेला ‘सुलतानी’ शब्द ‘अस्मानी’च्या जोडीनें रयतेच्या संकटाचा वाचक झाला आहे. असें असूनहि शहा डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. इतिहासदृष्ट्या ही चूक होय. परंतु सुलतानीला भ्यालेल्या रयतेनें एका सुलतानेची आठवण आपण होऊन जपली, एवढें तीवरून निश्चित होतें. नांवाचा अर्थ धातूवरून कळतो. त्याची योग्यता धारण करणारीच्या आचरणावरून ठरते.