शेवयांच्या बदल्यात शिलाई: पैशांविना अदलाबदल कशी करावी, कुठे जपावे

वस्तू देऊन वस्तू घेणे, मध्ये पैसा न आणणे, याला आपण मराठीत अदलाबदल किंवा वस्तुविनिमय म्हणतो. उर्दूतील फिक्हच्या किताबांत याचे नाव 'बैअ मुकायजा'. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूध नाका, भिवंडी या भागांत घरोघरी हाताला चव आणि सुईला सफाई असलेल्या बाया आहेत. कोणी कोकणी मसाला कुटते, कोणी शेवया, पापड, लोणचे करते, कोणी कुर्ते शिवते. हातात रोकड मात्र नवऱ्याच्या पगाराच्या तारखेला येते. म्हणून इमारतीतल्या दहा-बारा घरांनी मिळून अदलाबदलीचा गट करावा, ही कल्पना चांगलीच आहे. पण शेजारधर्म कुठे संपतो आणि व्यवहार कुठे सुरू होतो, हे आधी समजून घेतलेले बरे.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देते आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास हुज्जत चालते. कोकण किनाऱ्यावर सुकी मासळी देऊन भात घेण्याची रीत होती. गावगाड्यात सुगीला बलुते मिळे. जनावर हलाल करणाऱ्या मुलाण्यालाही त्याच्या कामाबद्दल धान्याचा वाटा असे. मात्र बलुत्याचे फार गोडवे गाऊ नयेत असे आम्हाला वाटते. किती मिळणार हे जात आणि रिवाज ठरवत, काम करणारा नाही. पैसा नाही म्हणजे अन्याय नाही, असे होत नाही.

आता मुख्य मुद्दा. मुस्लीम घरांसाठी अदलाबदलीत एक बारीक गोष्ट आहे, जी पैशाच्या खरेदीत सहसा येत नाही: सूद म्हणजे रिबा. आपल्याला वाटते सूद फक्त बँकेत असतो. पण हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा वस्तू आपल्याच जातीच्या वस्तूशी बदलायच्या तर बरोबरीने आणि हातोहात बदलाव्यात, जात वेगळी असेल तर कमी-जास्त चालेल, पण देवघेव हातोहात हवी. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हजरत बिलाल (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी साध्या खजुरांचे दोन साअ (साअ हे माप) देऊन उत्तम बरनी खजुरांचा एक साअ घेतला. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी याला सरळ रिबा म्हटले आणि वाट दाखवली: आधी आपले खजूर विका, मग त्या पैशाने दुसरे घ्या.

हे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. मुरबाड-शहापूरचा दोन किलो गावठी तांदूळ देऊन एक किलो बासमती घेतला, तर हिशेब वाजवी दिसतो, पण तांदळाला तांदूळच आहे. तो चालणार नाही. दोन्ही तांदूळ पैशाने विकावेत-घ्यावेत, मग तीच शंभराची नोट फिरून परत आली तरी हरकत नाही.

सहा वस्तूंच्या पलीकडे नियम कुठवर जातो, यात मजहबांचा फरक आहे आणि आपल्या भागात तो घराघरांत दिसतो. कोकणी घराणी बहुतेक शाफई, बाकीचे बरेचसे हनफी. शाफई मतात खाण्याची वस्तू असणे हे कारण, हनफी मतात मापून किंवा वजन करून विकली जाणे हे कारण. म्हणून एका मोठ्या अंड्याला दोन लहान अंडी हातोहात देणे हनफींकडे चालते, शाफईंकडे नाही. गटात दोन्ही घरे असतील तर कडक बाजू धरावी: खाण्याला खाणे असेल तर तिथल्या तिथे द्या-घ्या. आज लोणचे घेतले आणि नानखटाई ईदला देईन, असे ठेवू नका. तयार मसाला, मिठाई अशा मिसळलेल्या वस्तू आपल्याच जातीशी बदलायच्या असतील तर मशिदीतल्या आलिमांना विचारावे.

खाण्याच्या बदल्यात कपडा असेल तर ही अडचण नाही. कमी-जास्त चालते, एक बाजू उशिराही चालते. फक्त दोन्ही बाजू उधार ठेवू नयेत. आणि वाटीभर साखर नेऊन वाटीभर परत आणणे ही विक्रीच नाही, ते कर्ज आहे. ईदला शिरखुर्म्याची वाटी जाते ती हदिया. या दोन्ही गोष्टी गटाच्या वहीत लिहायच्याही नसतात!

किंमत ठरवताना सगळ्यात जास्त नुकसान शिवणाऱ्या बाईचे होते. लोणच्यातली कैरी आणि तेल डोळ्यांना दिसते, शिलाईतले तास दिसत नाहीत. समजा, आपाच्या कुर्त्याची बाजारात शिलाई ३५० रुपये आणि खालाच्या बरणीची किंमत २५० रुपये. तर वरचे १०० रोख द्यावेत. "घरचेच आहे" म्हणून सोडायला लावणे हा शेजारधर्म नव्हे. प्रत्येक वस्तूपुढे रुपयांत भाव लिहिला की भांडण निम्मे कमी होते.

काही गट गुणांचा हिशेब ठेवतात. कॅनडात कोर्टनी गावी १९८३ मध्ये मायकेल लिंटन यांनी अशी पद्धत सुरू केली: प्रत्येकाचे खाते शून्यापासून, एकाचे जमा ते दुसऱ्याचे नावे, व्याज नाही. अर्जेंटिनात १९९५ मध्ये बेर्नाल इथे सुरू झालेले अदलाबदल क्लब २००१-०२ च्या मंदीत लाखो लोकांपर्यंत गेले. मग त्यांच्या बनावट चिठ्ठ्या निघाल्या आणि बहुतेक क्लब बसले. गट ओळखीपुरता ठेवावा तो यासाठी. गुणही शेवटी उधारीच असल्याने ते सुरू करण्याआधी आलिमांचे मत घ्यावे.

कायद्याचेही दोन शब्द. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे आणि कलम १२० प्रमाणे दोघेही देताना विक्रेते, घेताना खरेदीदार ठरतात. म्हणजे खराब माल दिल्यावर "पैसे कुठे घेतले?" हे उत्तर पुरत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्येही विक्रीच्या व्याख्येत रोख, उधार आणि अदलाबदल तिन्ही येतात. नियमाने खाद्यपदार्थ बनवून बाहेर देणाऱ्यांनी एफएसएसएआयची छोटी नोंदणी करावी. २०११ च्या नियमावलीत ती वर्षाला १०० रुपयांची होती आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. बरणीवर बनवल्याची तारीख, तेल कोणते, शेंगदाणे किंवा तीळ आहेत का, एवढे तरी लिहावे. पावसाळ्यात पापड-लोणच्याला बुरशी लवकर येते, तेव्हा घेणारीने बरणी तिथेच उघडून बघावी आणि देणारीने त्याचा राग मानू नये.