लिपी, दफ्तर आणि संगणकाची कार्यप्रणाली

संगणकावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टीम, घ्यावी हा प्रश्न सामान्यतः किंमत व सोय यांच्या अंगाने चर्चिला जातो. सातारा-सांगली भागातील मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला मात्र तो निराळ्या अंगाने पाहावा लागतो. आज लिहिलेला मजकूर पुढच्या पिढीला वाचता येईल काय, हाच त्याच्यापुढील खरा प्रश्न होय. आणि तो संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

या भागातील जुने दफ्तर मुख्यतः मोडी लिपीत आहे. द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यामुळे कागद राहिले. परंतु मोडी वाचणारे विरळ होत गेल्यावर केवळ जतन पुरेसे पडत नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त बाळबोधीत छापली आणि मोडी न जाणणाऱ्यालाही ती खुली करून दिली. कागद टिकणे व मजकूर टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उद्योगावरून ध्यानी येते.

संगणकावर हाच प्रसंग पुन्हा उद्भवला. डॉसच्या काळात जिस्ट नावाचे कार्ड यंत्रात बसवून देवनागरी उमटविता येत असे. १९९१ साली इस्की ही भारतीय संकेतावली प्रमाण ठरली. तथापि विंडोजवर जे अनेक मराठी फॉन्ट रूढ झाले, त्यांपैकी बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. १९९८ साली वारणा प्रकल्पाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांत संगणक नेला, तेव्हा विंडोजला अंगभूत देवनागरी नव्हती. ती विंडोज २००० मध्ये युनिकोडच्या आधारे आली. पुढे लिनक्सवरही मराठीची सोय झाली. सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ साली निघाली. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले.

युनिकोड आले म्हणून प्रश्न संपला, असे समजणे योग्य नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा; हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. परंतु ‘दऱ्या’मधील रकार दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये आले. तत्पूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागविले जाई. परिणामी एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्यावर लिहून शोधला असता सापडेलच, अशी शाश्वती नसते. डोळ्यांना जे एक दिसते, ते यंत्राला दोन असू शकते.

या विवेचनाला सांप्रत निकड प्राप्त झाली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालणे हा रास्त पर्याय आहे. नवे यंत्र घेणे हा दुसरा. दोहोंतही धोका एकच, की जुन्या फॉन्टांतील प्रबंध, शब्दसूची व मुलाखतींची टिपणे यंत्राबरोबर पुसली जातील, किंवा प्रत राहूनही वाचता येणार नाहीत.

म्हणून क्रम उलटा धरणे अगत्याचे आहे. प्रथम जुन्या धारिका युनिकोडमध्ये उतरवाव्यात, मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात आणि एका शब्दाला एकच संकेतक्रम निश्चित करावा. मग कार्यप्रणाली निवडावी. ज्या प्रणालीत ‘दऱ्या’ नीट लिहिता, शोधता व दुसऱ्या प्रणालीत नेता येतात, ती आपल्या कामाची. खरेशास्त्र्यांनी एका लिपीतून दुसरीत जे नेले, तेच आज एका संकेतावलीतून दुसरीत नेणे आपल्याकडे आले आहे. आणि तेही जुना फॉन्ट ओळखणारे कोणी हयात आहे तोवरच.